जरा दाबून धरून बघ ना!

पेन ड्राइव्हची पिन मोडली की घरातला आणि ऑफिसातला प्रत्येक माणूस अचानक इलेक्ट्रॉनिक्सवाला होतो. "जरा दाबून धरून बघ ना." "फेविक्विक टाक थेंबभर." आणि एक महाभाग असतोच, "अरे, रिकव्हरीचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते चालव!" मंडळी, पिन मोडल्यामुळे डेटा सहसा जात नाही. तो जातो या सल्ल्यांमुळे.

टोकाचं वाटतंय? मग कवच उघडून बघा. आत बोटाच्या पेराएवढी पट्टी, आणि तिच्यावर ढोबळमानाने तीन गोष्टी: मेमरी चिप, कंट्रोलर आणि त्याला ठेका देणारा छोटा क्रिस्टल. तुमचे फोटो, थिसिस, टॅक्सचे कागद सगळं त्या मेमरी चिपमध्ये. तोशिबाच्या फुजिओ मासुओकांनी १९८७ साली जगापुढे मांडलेली ही नँड मेमरी. तिची खुबीच ही की करंट गेला तरी आत अडकवलेला विद्युतभार जागेवर राहतो. आता पिनचा आणि पट्टीचा संबंध काय, तर पाच व्होल्ट, ग्राउंड आणि डेटाच्या दोन, असे चार डाग, शिवाय कवच धरून ठेवणारे दोन-चार. लॅपटॉपला लावलेल्या ड्राइव्हवर कुणाचं तरी कोपर आपटतं, आणि हे डाग उखडतात. बस्स, एवढंच. मेमरीला याचा पत्ताही नसतो.

आता दाबून धरणाऱ्यांकडे येऊ. डाग उखडताना त्याच्याबरोबर पट्टीवरचं पातळ तांबंही सुटायला लागलेलं असतं. तुम्ही दाबता, दिवा लागतो, तुम्ही खूश. हात हलतो, दिवा जातो. दर हेलकाव्याला तांबं आणखी सोलतं आणि करंट तुटक तुटक आत जातो. तुम्ही काही सेव्ह करत नसलात तरी कंट्रोलर स्वतःचे हिशेब लिहीत असतो. ते अर्धवट राहिले की मग ड्राइव्ह दिसतो, पण साइझ शून्य, आणि विंडोज म्हणतं डिस्क घाला. म्हणजे कंट्रोलर बोलतोय, पण मेमरीचं त्याला काही वाचता येत नाहीये. डाग देऊन भागणारं काम तुम्ही आता लॅबचं करून ठेवलंत.

आमच्या टीममधल्या एका मुलीच्या आजीच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या अशाच एका पेन ड्राइव्हवर होत्या. आजी गेलेली, मूळ रेकॉर्डर भंगारात. गाडीच्या म्युझिक सिस्टीमला लावलेला ड्राइव्ह कुणाच्या तरी गुडघ्याने वाकला. चुलतभावाने आधी गोंद लावला. (गोंदातून वीज जात नाही, हे दहावीचं सायन्स झालं.) मग यूएसबी केबल कापून तारा थेट पट्टीला जोडल्या. लाल म्हणजे पाच व्होल्ट आणि काळी म्हणजे ग्राउंड हे त्याला पाठ होतं. स्वस्तातल्या केबलीत हे रंग पाळलेले असतीलच असं नाही, हे माहीत नव्हतं. पाच व्होल्ट उलटे गेले. कंट्रोलर तापला आणि कायमचा गप्प झाला. लॅबने सांगितलेला आकडा तिच्या महिन्याच्या घरभाड्यापेक्षा मोठा होता, वर गॅरंटी नाही. तिने पैसे भरले. निम्म्या ओव्या मिळाल्या. चुलतभाऊ अजून म्हणतो, "मी निदान ट्राय तरी केला!"

या 'ट्राय'चंच मला डोक्यात जातं. स्कूटरवर जुगाड करा, फसला तर स्कूटर परत खोलता येते. इथे तुम्ही फसलात तर मागच्या माणसाचं काम दसपट अवघड होतं.

आणि ते सॉफ्टवेअर? ते कंट्रोलरमार्फतच वाचतं. ड्राइव्ह सिस्टीमला दिसतच नसेल तर ते वाचणार काय, कपाळ? डिलीट झालेली फाइल शोधायला ते उत्तम. तुटलेल्या तांब्यावर त्याचा उपयोग शून्य.

लॅबवाल्यांचा दर मात्र मला मान्य आहे. कंट्रोलर मेला की चिप काढून वेगळी वाचावी लागते, आणि वाचून सरळ फोटो मिळत नाहीत. लिहिताना कंट्रोलर बिट्स विस्कटतो, चूकदुरुस्तीचे कोड जोडतो, सगळे ब्लॉक सारखे झिजावेत म्हणून जागा बदलत राहतो. हे सगळं उलटं करायचं, आणि प्रत्येक कंट्रोलरची तऱ्हा वेगळी. त्यात चिप काढायला गरम हवा द्यायची, आणि उष्णतेने तर भार गळतो. हल्ली एकेका सेलमध्ये तीन बिट, म्हणजे भाराच्या आठ पातळ्या कोंबलेल्या असतात. जरा गळती झाली की चुका वाढल्याच. हार्डवेअर एन्क्रिप्शनवाला ड्राइव्ह असेल तर चिप काढून बहुधा काहीच हाती लागत नाही.

मान्य नाही ते हे, की नुसते चार डाग निघालेल्या ड्राइव्हलाही 'चिप लेव्हल रिकव्हरी' म्हणून तोच दर लावायचा. ते काम लॅमिंग्टन रोडला किंवा तपकीर गल्लीत मायक्रोस्कोपखाली मोबाईलचे बोर्ड दुरुस्त करणारा चांगला कारागीर करतो. उखडलेल्या तांब्याच्या जागी केसासारखी तार टाकतो. त्याला विचारा, पट्टीला चीर आहे का? पाच व्होल्ट आणि ग्राउंड शॉर्ट आहेत का? क्रिस्टल शाबूत आहे का? तुमच्यासमोर मल्टिमीटर न लावता "ठेवून जा, उद्या या" म्हणाला तर ड्राइव्ह उचला आणि निघा.

कंपन्यांनी तर हद्दच केलीये. नखाएवढ्या ड्राइव्हमध्ये कंट्रोलर आणि मेमरी एकाच काळ्या वडीत. कंट्रोलर गेला तर वरचा काळा थर खरवडून खालच्या बारीक ठिपक्यांना एकेक तार जोडायची. वडीच तडकली तर संपलं. वॉरंटीचं पाच वर्षांचं कौतुक सांगतात, आणि मिळतो काय, नवा कोरा ड्राइव्ह!

"बॅकअप का नाही घेतला?" म्हणणाऱ्यांनी तूर्त गप्प बसावं. मयताला जाऊन विम्याची चौकशी करू नये.

आणि पिन नीट बसून ड्राइव्ह दिसायला लागला की विंडोज 'स्कॅन अँड फिक्स' करू का विचारेल. नाही म्हणा. फॉरमॅट करू का विचारेल. नाही म्हणा. आधी अख्ख्या ड्राइव्हची इमेज काढा. लिनक्सवर डीडीरेस्क्यू आहे, फुकट आहे. मग ते महाभागाचं सॉफ्टवेअर खुशाल चालवा, पण त्या इमेजवर.