शब्दांमागचा स्वर

आमच्या वसतिगृहातील मोठी मुले सुट्टीच्या दिवशी भ्रमणध्वनीवर दोन गिटारींचे संथ, निःशब्द वादन ऐकत बसतात. आम्हाला ते प्रथम रुचले नाही. आमचे कान भीमराव कर्डकांचे जलसे आणि वामनदादांची गीते यांच्या परंपरेत वाढलेले. ज्या समाजाला शतकानुशतके बोलू दिले नाही, त्याने गाण्याकडे आधी शब्दच मागावा, हे स्वाभाविक होते. शब्दाविना संगीत ही पोट भरलेल्यांची करमणूक, असेही आम्ही वर्गात बोलून गेलो आहोत.

ते मत मिरजेत ढळले. मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसानिमित्त खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते. एका वर्षी मुलांना घेऊन गेलो. गायक यायचे होते. तोवर दोन तानपुरे एकमेकांशी जुळवले जात होते. एकाची तार विरते न विरते तोच दुसऱ्याची उठे. घोडीवर तारेखाली सरकवलेल्या दोऱ्याने जवारी खुलली आणि कोणीही न छेडलेला गांधार त्या नादातून उमटू लागला. एरवी पाच मिनिटे स्थिर न बसणारी आमची मुले हलली नाहीत. गायन सुरू झाल्यावर एकाने हळूच विचारले, "सर, आता ते मागचे ऐकू येणार नाही का?"

हे 'मागचे' घडवणारे मूळचे शिकलगार, शस्त्रांना धार लावणारे कारागीर. एकोणिसाव्या शतकात तलवारींची मागणी सरली, तेव्हा फरीदसाहेबांसारख्यांचे हात भोपळ्याकडे व तारेकडे वळले. 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही पुष्कळ मैफलींत तानपुऱ्यावर बसलेल्याचे नावदेखील पुकारले जात नाही. घडवणाऱ्याचे तर दूरच. किल्ला बांधणारे हात कोणाचे, असे इतिहासाच्या तासाला विचारणाऱ्या आम्हालाही हा प्रश्न उशिरा सुचला, हे कबूल केले पाहिजे.

तथागतांनी सोण स्थविरांना दिलेला वीणेचा दाखला आमची मुले घडाघडा सांगतात: तार फार ताणू नये, फार सैलही सोडू नये. पण त्यांतील किती जणांनी तार कधी हाताने पिळली आहे? बाबासाहेबांनी उतारवयात, इतक्या व्यापांत, व्हायोलिन हाती घेतले होते.

स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांना पैसे पुरत नाहीत, हे पालकांचे म्हणणे आम्ही जाणतो. तरी माजी विद्यार्थ्यांपुढे एक मागणी ठेवतो: शाळेसाठी मिरजेहून तानपुऱ्यांची एक जोडी यावी. 7 नोव्हेंबर 1900 रोजी बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. तो विद्यार्थी दिवस आम्ही भाषणांनी साजरा करतो. यंदा दोन भाषणे कमी करू. ती जोडी मुलांनीच जुळवावी, आणि आम्ही शिक्षकांनी समोर सतरंजीवर बसावे.