जीव वाचला, आता आणखी काय हवे?

ग्लोबोकॅनच्या २०२२ सालच्या अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया या रोगाने दगावल्या. दर ऑक्टोबरात गुलाबी फिती लावून या आकड्यांची उजळणी होते आणि चर्चा 'लवकर निदान करून घ्या' या उपदेशापाशी येऊन थांबते. ज्या स्त्रीने तो उपदेश ऐकला, जिची गाठ लहान असतानाच सापडली, तिच्या वाट्याला पुढे काय येते, याविषयी विज्ञानाच्या बातम्याही फारसे बोलत नाहीत.

पुढे पुष्कळदा असे घडते. गाठ दोन-अडीच सेंटिमीटरची असते, रोग इतरत्र पसरलेला नसतो. डॉक्टरांच्या खोलीत नवरा, मुलगा, दीर बसलेले असतात. 'पूर्ण काढून टाका, पुन्हा कटकट नको,' असे कोणीतरी म्हणते आणि सगळ्यांना हायसे वाटते. स्तनाच्या पुनर्रचनेचा विषय निघालाच, तर 'या वयात हे नखरे कशाला? जीव वाचला, आणखी काय हवे?' या वाक्याने तो मिटवला जातो. हे वाक्य व्यवहारी शहाणपणाचे वाटते. प्रत्यक्षात ते विज्ञानाच्या कसोटीवर खोटे आणि कायद्याच्या कसोटीवर लंगडे आहे.

आधी विज्ञान पाहू. 'जितके जास्त कापावे तितके जास्त जगावे' ही समजूत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची आहे. अमेरिकन शल्यचिकित्सक विल्यम हॉल्स्टेड यांच्या पद्धतीत स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतील लसिकाग्रंथीही काढल्या जात. कर्करोग केंद्रापासून बाहेर क्रमाक्रमाने सरकतो, म्हणून कुंपण जितके दूर घालावे तितके चांगले, असा त्यामागचा तर्क होता. बर्नार्ड फिशर यांनी त्या तर्कालाच हात घातला. रोगाच्या पेशी रक्तावाटे आधीच दूर गेल्या असतील, तर छातीवर आणखी चार इंच कापून काहीच साधणार नाही, आणि गेल्या नसतील, तर इतके कापण्याची गरज नाही, हे त्यांचे म्हणणे होते.

हे म्हणणे नुसत्या वादावर सोडले गेले नाही. १९७६ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या चाचणीत १,८५१ स्त्रियांची यादृच्छिक पद्धतीने तीन गटांत विभागणी झाली: पूर्ण स्तन काढणे, फक्त गाठ काढणे, आणि गाठ काढून रेडिएशन देणे. वीस वर्षांनंतरचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. हयात स्त्रियांचे प्रमाण तिन्ही गटांत ४६ ते ४७ टक्के होते. फरक एकाच बाबतीत दिसला. गाठ काढल्यानंतर रेडिएशन न घेतलेल्यांपैकी ३९.२ टक्के स्त्रियांच्या त्याच स्तनात रोग परतला, रेडिएशन घेतलेल्यांत हे प्रमाण १४.३ टक्के राहिले. त्याच वर्षी इटलीतील उम्बेर्तो वेरोनेसी यांच्या ७०१ स्त्रियांवरील चाचणीचाही वीस वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला. हॉल्स्टेडची शस्त्रक्रिया आणि स्तन राखून केलेली शस्त्रक्रिया यांत जगण्याच्या दृष्टीने फरक आढळला नाही. सारांश, योग्य रुग्णात स्तन राखून रेडिएशन देणे हा पूर्ण स्तन काढण्याइतकाच सुरक्षित उपचार आहे. ही बातमी जुनी आहे. ती रुग्णापर्यंत न पोहोचणे, हीच खरी आजची बातमी आहे.

काही स्त्रियांना पूर्ण स्तन काढणे खरोखर आवश्यक असते, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. स्तनाच्या वेगवेगळ्या भागांत अनेक गाठी असणे, स्तनाच्या मानाने गाठ फार मोठी असणे, कडा वारंवार रोगग्रस्त निघणे, पूर्वी त्याच जागी रेडिएशन झालेले असणे, अशी कारणे असली की स्तन राखण्याचा आग्रह धरता येत नाही. बीआरसीए जनुकात दोष असलेली स्त्री सर्व माहिती घेऊन स्वतः तो मार्ग निवडू शकते. गाठ मोठी असेल तर आधी केमोथेरपी देऊन ती लहान करता येते का, हेही पाहावे लागते. आक्षेप मास्टेक्टमीला नाही. विचार न करता, पर्याय न सांगता, सवयीने केलेल्या मास्टेक्टमीला आहे.

या सवयीच्या समर्थनार्थ एक सबळ कारण दिले जाते: रेडिएशनची यंत्रे मोठ्या शहरांत आहेत आणि पाच-सहा आठवडे घरदार सोडून तिथे राहणे शेतमजूर स्त्रीला परवडत नाही. ही अडचण खरी आहे. लोकसंख्येच्या मानाने देशात जितकी यंत्रे हवीत त्यापेक्षा ती पुष्कळ कमी आहेत. पण उपचाराचे वेळापत्रक आता तेच राहिलेले नाही. ब्रिटनमधील चाचण्यांनी आधी पाच आठवड्यांचा उपचार तीन आठवड्यांवर आणला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'फास्ट-फॉरवर्ड' चाचणीत एका आठवड्यात दिलेल्या पाच मात्रा पाच वर्षांच्या निरीक्षणात पंधरा मात्रांपेक्षा कमी पडल्या नाहीत. मुक्काम पाच आठवड्यांवरून एका आठवड्यावर येऊ शकत असताना जुन्याच अडचणीचा दाखला देणे हे निमित्त ठरते. शिवाय यंत्र नाही म्हणून अवयव काढायचा असेल, तर तसे त्या स्त्रीला सांगायला हवे. यंत्रणेच्या उणिवेला वैद्यकीय गरजेचे नाव देणे ही फसवणूक आहे.

आता पुनर्रचनेकडे वळू. तिला 'सौंदर्यशस्त्रक्रिया' म्हणून हिणवणाऱ्या देशाला एका गोष्टीचा मात्र फार अभिमान आहे: प्लास्टिक सर्जरीचा उगम इथला. सुश्रुतसंहितेतील नाक-कानाच्या पुनर्रचनेचे दाखले प्रत्येक व्यासपीठावरून दिले जातात. १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने ज्या शस्त्रक्रियेचे वर्णन छापले, ती पुण्याजवळ झाली होती. इंग्रज फौजेत बैल हाकणाऱ्या कावसजीचे नाक टिपूच्या कैदेत कापले गेले होते. विटा घडवणाऱ्या समाजातील एका माणसाने कपाळावरची त्वचा वळवून त्याला नवे नाक बसवले. त्या नाकाला आजवर कोणी नखरा म्हटले नाही. गेलेले नाक परत मिळणे हा पुरुषाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न मानला गेला. गेलेला स्तन परत मागणारी स्त्री मात्र आजही मिरवायला निघालेली ठरते. हा भेद शल्यशास्त्राने केलेला नाही.

नियमही तिच्याच बाजूने आहे. भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने २०१९ मध्ये आरोग्यविम्यातील वगळणुकींची प्रमाणित भाषा ठरवून दिली. तीत सौंदर्यासाठीची किंवा प्लास्टिक शस्त्रक्रिया वगळली आहे, पण अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना त्या वगळणुकीतून स्पष्टपणे बाहेर ठेवली आहे. अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने मास्टेक्टमीचा खर्च देणाऱ्या विमा योजनांवर पुनर्रचनेचा खर्च देण्याचे बंधनही घातले. म्हणजे 'हे विम्यात बसत नाही, हे कॉस्मेटिक आहे' असे कोणी तोंडी सांगितले, तर ते लेखी मागावे आणि पॉलिसीतील कलमाशी ताडून पाहावे.

पुनर्रचनेविषयी गोड चित्र रंगवणेही तितकेच अप्रामाणिक ठरेल. इम्प्लांट बसवण्याची शस्त्रक्रिया तुलनेने छोटी असते, पण रेडिएशननंतर त्याभोवतीचे आवरण आवळून कठीण होण्याचा धोका वाढतो आणि पुढे ते बदलावेही लागू शकते. पाठीचा स्नायू किंवा पोटावरील त्वचा-चरबी वापरून घडवलेला स्तन अधिक नैसर्गिक वाटतो, पण शस्त्रक्रिया लांबते आणि आणखी एक जखम सोसावी लागते. पूर्वीची संवेदना बहुधा पूर्णपणे परत येत नाही. पुनर्रचना त्याच वेळी करता येते, नंतरही करता येते, आणि मुळीच न करता सपाट छातीने किंवा बाहेरून बसवण्याच्या कृत्रिम स्तनाने आनंदाने जगता येते. यांतला कोणताही मार्ग शूरपणाचा नाही की दुबळेपणाचा नाही. पण ज्याची माहितीच दिली नाही, तो मार्ग 'तिने नाकारला' असे म्हणता येत नाही.

निवड कोणी करायची, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात दिले आहे. भूल दिलेल्या प्रौढ स्त्रीच्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय काढण्यात आले होते. न्यायालयाने ती संमती ग्राह्य धरली नाही. उपचाराचे स्वरूप, उपलब्ध पर्याय, मोठे धोके आणि उपचार नाकारल्यास होणारे परिणाम हे रुग्णाला कळले पाहिजेत, असे बजावले. मग शुद्धीवर असलेल्या, खोलीच्या दारापाशी बसलेल्या स्त्रीऐवजी तिच्या दिराशी बोलण्याचा अधिकार कोणाला कसा पोहोचतो?

'गरीब देशाला ही चैन परवडत नाही' हा शेवटचा आक्षेप. टाटा मेमोरियलच्या राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेपूर्वी गाठीभोवती स्थानिक भुलीचे साधे, स्वस्त इंजेक्शन दिल्यास काय होते, हे देशातील अनेक केंद्रांत तपासले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १,५८३ स्त्रियांच्या या चाचणीत पाच वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेले. स्वस्त आणि उत्तम यांची सांगड घालणे या देशाच्या विज्ञानाला जमते. उरलेल्या ऊती सरकवून स्तनाचा आकार राखण्याची तंत्रे, पाठीचा स्नायू वळवून करायची पुनर्रचना, यांना सूक्ष्मशल्यक्रियेचे महागडे दालन लागत नाही. प्रशिक्षण लागते आणि ते देण्याची इच्छा लागते.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक कर्करोग रुग्णालयाने सुरुवातीच्या टप्प्यातील किती स्त्रियांचे स्तन राखले आणि किती जणींना पुनर्रचनेची माहिती दिली, हे आकडे दरवर्षी जाहीर करावेत. संमतीपत्र स्त्रीच्या भाषेत असावे आणि पर्याय तिला एकटीला, सवडीने समजावून सांगावेत. सुरुवातीच्या टप्प्यात निर्णयासाठी काही दिवस घेतल्याने सहसा नुकसान होत नाही. वैद्यकशास्त्राच्या आजच्या विद्यार्थ्यांनी तर एवढी एकच सवय लावून घ्यावी: 'काय करायचे?' हा प्रश्न खोलीत विचारताना नजर जिच्या छातीत गाठ आहे तिच्याकडे असावी.