मोटारहोम ठरवताना प्रथम काय पाहावे?

मुलगा किंवा मुलगी न्यूझीलंडमध्ये स्थिरावली की दोन-चार वर्षांत आई-वडिलांचे तिकडे जाणे होते. डिसेंबर-जानेवारीत तेथे उन्हाळा असतो. मुले मोठ्या हौसेने मोटारहोम भाड्याने घेतात आणि ख्राइस्टचर्चहून टेकापो सरोवर, तेथून क्वीन्सटाउन असा आठ-दहा दिवसांचा बेत आखतात. स्वयंपाकघर गाडीतच असल्याने आपल्या पद्धतीच्या जेवणाची चिंता मिटते. आई डबाभर खाकरे आणि मेतकूट घेऊनच आलेली असते. गाडी निवडताना पलंग किती, शेगडी कशी, फ्रीज केवढा, हे सारे बारकाईने पाहिले जाते. शौचालयाच्या रकान्यात ‘आहे’ एवढे वाचून सगळे पुढे सरकतात.

चूक नेमकी तेथेच होते, आणि तिचा पत्ता लागायला दोन दिवस जातात.

“आई, पाणी देऊ?” सून विचारते.

“नको गं, नंतर घेते.”

हे ‘नंतर’ दिवसभर लांबते. ज्येष्ठ माणसे शौचालयाविषयी तक्रार करीत नाहीत. ती पाणी पिणे कमी करतात. चौविहार पाळणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत तर ही गोष्ट अधिक गंभीर होते, कारण रात्रीचे पाणी मुळातच वर्ज्य असते. दिवसाही घोट-घोटच घेतला तर शरीराला पाणी मिळायचे केव्हा? वास्तविक तिकडे त्या दिवसांत सूर्य रात्री नऊनंतर मावळतो. पाणी पिण्यास वेळ भरपूर असतो. अडचण त्या चिमुकल्या खोलीची असते. चक्कर येणे, मलावरोध, लघवीची जळजळ व जंतुसंसर्ग ही दुखणी अशा प्रवासात पाणी टाळल्याने उद्भवू शकतात. काही जण रक्तदाबासाठीची लघवी वाढवणारी गोळीसुद्धा कोणाला न सांगता बंद ठेवतात. तसे करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे.

तेव्हा प्रथम आसनाची उंची पाहावी. गुडघे दुखणाऱ्याला बसणे जमते, उठणे जमत नाही. अमेरिकेत अपंगांसाठी ठरवलेल्या मानकात आसनाची उंची 17 ते 19 इंच आहे, आणि आपल्याकडील ज्येष्ठांनाही साधारण तेवढीच सोयीची पडते. मोटारहोममध्ये मात्र जागा वाचवण्यासाठी कधी बुटके भांडे बसवलेले असते, तर कधी भांडे चाकावरच्या चौथऱ्यावर ठेवून पाय टेकायला अर्धीच जागा उरलेली असते. पाय पुरते जमिनीवर टेकले नाहीत तर उंच आसनाचाही उपयोग नाही. घरचे वर बसवायचे उंच आसन सोबत न्यावे असे कोणी सुचवते. पण या भांड्यांचा आकार वेगळा असल्याने ते घट्ट बसेलच असे नाही, आणि हलणारे आसन हे बुटक्या आसनापेक्षा वाईट.

दुसरी गोष्ट आधाराची. भिंतीवर पक्की बसवलेली दांडी असेल तर उत्तम. रबरी चकतीने चिकटवायच्या मुठी बाजारात मिळतात. तोल सावरायला त्या ठीक, पण पूर्ण शरीराचा भार त्यांच्यावर टाकू नये, त्या सुटतात. काही गाड्यांत भांडे फिरवून वळवता येते. दाटीच्या जागेत ही युक्ती गुडघ्यांना मोकळीक देते, परंतु ज्यांचा तोल जातो त्यांच्यासाठी न हलणारे, बाकासारखे आसनच बरे. स्नान आणि शौच एकाच चौकोनात असेल तर फरशी ओली राहते. एकाने अंघोळ केली की दुसऱ्याने आत जाण्यापूर्वी ती पुसून कोरडी करावी. हे काम किरकोळ वाटते, पण पाय घसरतो तो अशाच वेळी. ज्यांना चाकाची खुर्ची लागते, त्यांनी साधी गाडी पाहूच नये. अशा खुर्चीसाठी दार किमान 32 इंच मोकळे लागते आणि नेहमीच्या मोटारहोमचे शौचालयाचे दार त्याहून बरेच अरुंद असते. खास अशा प्रवाशांसाठी बांधलेल्या गाड्या असतात, त्यांची चौकशी वेगळी करावी.

आता कॅसेटविषयी. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया व युरोपमधील बहुतेक भाड्याच्या गाड्यांत भांड्याखाली सुमारे 17 ते 20 लिटरची सुटी टाकी असते, तिला कॅसेट म्हणतात. ती गाडीबाहेरच्या छोट्या दारातून ओढून काढायची आणि ठरलेल्या डंप स्टेशनवर रिकामी करायची. अमेरिकेतील मोठ्या गाड्यांत याऐवजी गाडीखाली मोठी मलटाकी असते व ती जाड नळीने रिकामी करतात. तेथे पाणी सोडण्यासाठी बहुधा पायाने दाबायचा खटका असतो, जो दुखऱ्या गुडघ्याला त्रासाचा. कॅसेटची झडप हाताने उघडते, पण ती मूठ कधी आसनाच्या खाली असते. वाकून ती पोहोचते का, हे पाहून घ्यावे.

येथे एक हिशेब आपल्याच लोकांना करावा लागतो. ही शौचालये कागद वापरणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून केलेली आहेत. आपल्याला पाणी लागते. प्रत्येक वेळी सगळे मिळून दीड लिटर धरले तरी 18 लिटरची कॅसेट बारा वेळांत भरते. चार माणसांच्या कुटुंबाला ती रोज रिकामी करावी लागणार, हे गृहीत धरूनच मुक्काम ठरवावेत. छोट्या तोटीची पिळायची बाटली वापरली तर पाणी बरेच वाचते, आणि आईला तांब्या शोधत बसावे लागत नाही.

ती रिकामी कोणी करायची, हा प्रश्न घराघरांत संकोचाने टाळला जातो. भरलेली कॅसेट वीस किलोच्या आसपास जाते. पिढ्यान्‌पिढ्या हे काम दुसऱ्याकडून करवून घेतलेल्या घरांत ते न बोलता सुनेच्या वाट्याला येते, किंवा आई-वडील अपराधी चेहऱ्याने पाहत राहतात आणि दुसऱ्या दिवशी आणखी कमी पाणी पितात. प्रवासाच्या पहिल्याच सकाळी मुलाने हातमोजे चढवून, थट्टा-मस्करी करीत, ते स्वतः करावे. वडिलांच्या मनावरचे ओझे त्याने निम्मे उतरते.

नदीकाठी, झाडीत ती ओतण्याचा मोह कोणालाही होऊ नये. त्यातील रसायन मातीतील व पाण्यातील जीवांना घातक, आणि तेथील कायद्याने तो गुन्हाही आहे. न्यूझीलंडने 2023 मध्ये केलेल्या कायद्यानुसार स्वयंपूर्ण वाहनाच्या नव्या प्रमाणपत्रासाठी शौचालय गाडीत पक्के बसवलेले असावे लागते. सुटे, उचलून ठेवायचे चालत नाही. पलंग पूर्ण अंथरलेला असतानाही ते वापरता आले पाहिजे. ही अट ज्येष्ठांच्या हिताचीच ठरली आहे, कारण रात्री दोन वाजता वडिलांना जायचे असेल तर कोणाची गादी उचलावी लागत नाही. तरी पलंगापासून तेथवर जाताना मध्ये पायरी येते का, आणि छोटा दिवा लावता येतो का, हे पाहावेच.

महाराष्ट्रातही 2021 मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आले आहे. इकडे अशी गाडी घेणाऱ्यांनी मलटाकी कोठे रिकामी करता येईल, हे निघण्यापूर्वीच मालकाला विचारून घ्यावे.

गाडी ताब्यात घेताना कर्मचारी गॅस, वीज, पाण्याचा पंप समजावून सांगतो आणि सही मागतो. सही करण्याआधी पाच मिनिटे मागून घ्यावीत. आईला एकटीला आत जाऊ द्यावे, दार लावू द्यावे, बसून उठून पाहू द्यावे. सगळ्यांनी बाहेर थांबावे. ती बाहेर आल्यावर “ठीक आहे” म्हणाली तर एवढ्यावर थांबू नये. उठताना हात कशाला धरला, हे विचारावे.