बेपत्ता स्त्रियांचे दप्तर

ऑक्टोबर 1949 मध्ये लॉस एंजेलिस येथील जीन स्पँग्लर ही तरुण नटी सायंकाळी घराबाहेर पडली ती पुन्हा परतली नाही. ग्रिफिथ पार्कमध्ये सापडलेल्या तिच्या पर्समधील अर्धवट चिठ्ठीचा अर्थ लावण्यात तेथील वृत्तपत्रांनी रकानेच्या रकाने खर्ची घातले, तरी तिचे काय झाले ते आजतागायत उमगलेले नाही. हॉलिवूडची अशी जुनी गूढे आपणही मोठ्या कुतूहलाने वाचतो; परंतु कृष्णाकाठी, वाईजवळच्या धोम गावी जे उघडकीस आले, त्याचा आपणांस किती लवकर विसर पडला!

जून 2016 मध्ये वाई परिसरातील एक अंगणवाडी सेविका नाहीशी झाली. तिचा माग काढीत पोलीस ऑगस्टमध्ये धोमच्या एका फार्महाऊसपर्यंत पोहोचले आणि तेथील जमिनीतून एकामागून एक प्रेते निघाली. डॉक्टर म्हणून वावरणाऱ्या एका इसमावर 2003 पासून सहा खून केल्याचा आरोप आला. त्या सहांत पाच स्त्रिया होत्या. त्याच्या दोषादोषाचा निर्णय न्यायासनाचा आहे. मला विचारावयाचे आहे ते मधल्या तेरा वर्षांविषयी. एकाच परिसरातून एकामागून एक स्त्री नाहीशी होत असता त्या साऱ्या नोंदी एकत्र ठेवून पाहाव्यात, असे कोणाही अंमलदारास का वाटले नाही? आणि ‘गेली असेल कोणाबरोबर’ असे म्हणून स्वस्थ बसणाऱ्या आपणां शेजाऱ्यांस तरी का वाटले नाही?

खाकी गणवेशही स्त्रीस तारीत नाही. सहायक पोलीस निरीक्षक अश्विनी बिद्रे एप्रिल 2016 मध्ये नाहीशा झाल्या; सांगलीतील नेमणुकीत ज्यांच्याशी त्यांचा परिचय झाला, त्या अभय कुरुंदकर या वरिष्ठ निरीक्षकास जानेवारी 2017 मध्ये राष्ट्रपती पोलीस पदक जाहीर झाले, त्याच वर्षाच्या डिसेंबरात अटक झाली आणि एप्रिल 2025 मध्ये पनवेलच्या न्यायालयाने खुनाबद्दल जन्मठेप दिली. प्रेत अखेरपर्यंत सापडले नाही. खटला उभा राहिला तो मुख्यत्वे आप्तांच्या अविरत तगाद्याने. ज्यांस तगादा लावणारे आप्त नाहीत, त्यांचे काय?

2019 ते 2021 या तीन वर्षांत महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक स्त्रिया बेपत्ता झाल्याची नोंद आहे, आणि 2024 मध्ये सांगलीच्या एका माजी सैनिकाने, जो स्वतः आपल्या मुलीच्या शोधात होता, हाच प्रश्न घेऊन उच्च न्यायालयाचे दार ठोठावले. यांतील पुष्कळ जणी परत येतात, काही स्वेच्छेने घर सोडतात, व सज्ञान स्त्रीचा तो अधिकार निर्विवाद आहे. परंतु ती स्वेच्छेने गेली हे तिला प्रत्यक्ष भेटून ठरवावयाचे असते, गावच्या कुजबुजीवरून नव्हे. हरवलेले अज्ञान मूल पळविले गेले असेच प्रथमतः गृहीत धरून गुन्हा नोंदवावा, असा दंडक सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये घातला. ठरावीक मुदतीत ज्या सज्ञान स्त्रीचा ठावठिकाणा लागत नाही, तिच्या बाबतीतही तोच दंडक लागू झाला पाहिजे.

गृहखात्याने कायद्याची वाट पाहू नये. सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांच्या पोलीस अधीक्षकांनी आपापल्या ठाण्यांतील जुन्या, निकाली न निघालेल्या नोंदी एका दप्तरात आणाव्यात, त्यांची गावनिहाय छाननी करावी, आणि प्रत्येक घरी तपासाची सद्यःस्थिती लेखी कळवावी.