हप्ता घर भरते

कामतघरला जुनी गाडी विकायला दिसली की पोरे भोवती जमतात. आम्ही कारकून माणसे, आधी हिशेब मांडतो. अमेरिकेच्या फोर्ड कंपनीने सप्टेंबर १९५७ मध्ये ‘एडसेल’ मोटार आणली. गाजावाजा प्रचंड, गिअरची बटणे चक्क स्टीअरिंगच्या मधोमध! पण रूप लोकांना रुचले नाही, त्यात मंदी आली. नोव्हेंबर १९५९ मध्ये उत्पादन बंद. जेमतेम १ लाख १८ हजार गाड्या निघाल्या. आज हौशी श्रीमंत त्या शोधून घेतात. त्यांना परवडते. आपण सुटे भाग कुठून आणणार? तरुण मित्रांनो, पतपेढीचे कर्ज काढून जुनी गाडी घेण्याआधी मेकॅनिकला दाखवा, कागदपत्रे तपासा. गाडी दारात उभी राहिली, तरी हप्ता थांबत नाही.