मैदान बांधणारा मैदानाबाहेर का?



आरक्षणाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकायला मिळते. गुणवत्ता असेल तर जात आडवी येत नाही म्हणे! असे म्हणणाऱ्यांना जोसेफ बार्थोलोम्यू यांचे नाव सांगा.

अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात १८८८ साली जन्मलेला हा कृष्णवर्णीय माणूस. लहानपणी गोऱ्यांच्या गोल्फ मैदानावर कॅडी होता, म्हणजे खेळणाऱ्यांच्या काठ्यांची पिशवी वाहायचा. बघून बघून खेळ शिकला, मैदानाची निगा शिकला. त्याचा हात पाहून मेटेरी गोल्फ क्लबच्या गोऱ्या मंडळींनी १९२२ च्या सुमारास त्याला मैदानाची रचना शिकायला न्यूयॉर्कला पाठवले. परत येऊन त्याने त्यांचे मैदान बांधले. ते पूर्ण झाल्यावर त्यावर एक डाव खेळायचीही मुभा त्याला नव्हती!

गुणवत्ता कुठे कमी पडली? कामाला हात चालला, खेळायला माणूस चालला नाही.

हे आपल्याला नवे नाही. त्याच दशकात, १९२७ साली, सार्वजनिक असलेल्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. गावाची सगळी कामे आमच्या हातांनी व्हायची, विटाळ मात्र आमच्या ओंजळीचा व्हायचा.

बार्थोलोम्यू रडत बसले नाहीत. बांधकामाच्या धंद्यात उतरले, पैसा कमावला, स्वतःच्या जमिनीवर छोटे मैदान करून आपल्या माणसांना खेळवले. १९५६ मध्ये कृष्णवर्णीयांच्या पॉन्चरट्रेन पार्क वस्तीत त्यांनी बांधलेले मैदान खुले झाले. त्याला त्यांचे नाव मिळाले १९७९ मध्ये. ते वारले होते १९७१ मध्ये! मेल्यावर पाटी लावणे व्यवस्थेला नेहमीच स्वस्त पडते.

आता आपल्या दाराशी या. कल्याण-शीळ रस्त्यावरच्या पलावाच्या जाहिरातींत गोल्फ कोर्स झळकतो. तिथे जातीची पाटी नाही. संविधानाचे कलम १५ असताना ती लावता येणारही नाही. पण पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना जमीन आणि पैसा नाकारला गेला, त्यांच्यासाठी घराची किंमत हीच पाटी असते. अशा संकुलांत गवत कापायला, फाटकावर उभे राहायला आपल्याच वस्त्यांतली पोरे जातात.

कोणी म्हणेल, आपल्याला गोल्फशी काय देणेघेणे? गोल्फशी नसेल, पण जमिनीशी आहे. खासगी हिरवळ फुलते आणि आपली पोरे रस्त्यावर क्रिकेट खेळतात, हा योगायोग नाही. शहराच्या विकास आराखड्यात खेळाच्या मैदानांसाठी भूखंड राखीव असतात. ठाणे असो वा कल्याण-डोंबिवली, तुमच्या प्रभागातले असे भूखंड कुठे आहेत आणि आज त्यांवर काय उभे आहे, हे माहितीच्या अधिकारात विचारा. उत्तर हातात घेऊन पालिकेच्या दारात जा.

शाबासकी बार्थोलोम्यूंनाही मिळाली होती. आपल्याला हक्क हवा आहे.

जयभीम! जय संविधान!