पाच हजार गाण्यांच्या पेटीत कोल्हापूर किती?

खिशात हजार गाणी, अशी घोषणा देत 2001 मध्ये अवतरलेल्या आयपॉडचे उत्पादन ॲपलने 2022 मध्ये थांबविले. दरम्यान, 2017 मध्ये सारेगामाने आणलेल्या 'कारवाँ'ने मात्र घरोघरी जागा मिळविली. जुन्या ट्रान्झिस्टरचा तोंडवळा, आत आधीच भरलेली पाच हजार गाणी आणि इंटरनेटची गरज नाही. ज्येष्ठांना ही पेटी भावली यात नवल नाही.

प्रश्न आहे तो निवडीचा. ही गाणी कंपनीच्या स्वतःच्या संग्रहातील आहेत. ज्याची तबकडी निघाली नाही, ते या पेटीत येणार कोठून? कोल्हापूरला हे अधिक बोचावे. राजर्षी शाहू महाराजांच्या दरबारातील गायक उस्ताद अल्लादिया खाँ यांचे ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. त्यांची जयपूर-अत्रौली गायकी तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत मावणारी नव्हतीच. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची भैरवी 1977 मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर थेट अंतराळात गेली. पण तीही जेमतेम साडेतीन मिनिटांची!

विस्तारलेले गाणे उरले ते मैफलींच्या खासगी ध्वनिफितींत. रसिकांच्या कपाटांतील अशा कॅसेटवरील चुंबकीय थर वर्षागणिक क्षीण होतो, ओलसर हवेत बुरशी धरते. कारवाँला पेनड्राइव्हची सोय आहे, हा त्यातला सर्वांत दुर्लक्षित गुण. कॅसेटवरील मैफल संगणकावर उतरवून त्यात घालता येते. मात्र त्यासाठी चालू स्थितीतील टेपरेकॉर्डर लागतो, आणि तो दुरुस्त करणारे कारागीर आता मोजकेच उरले आहेत.